भाड्यासाठी घर घेताना

भावा, बेळगावात वडगाव-शहापूरकडं घर घेऊन भाड्यानं देणार म्हणतोस, चांगलंय. पण बाँड पेपरवरची, म्हणजे रजिस्ट्री न करता नुसत्या स्टॅम्प पेपरवर विकलेली जागा स्वस्त मिळते म्हणून भुलू नकोस. पुढं कर्जाला आणि विकायला दोन्हीकडं अडतं. कर्नाटकच्या नोंदणी खात्याच्या कावेरी पोर्टलवरून ईसी (जागेवरचे नोंदलेले व्यवहार आणि बोजे दाखवणारा दाखला) काढ, ई-खाता (पालिकेच्या दप्तरातला जागेचा ऑनलाइन उतारा) बघ. कागद कन्नडमधले, तेव्हा वाचून सांगणारा वकील तुझा असू दे, विकणाऱ्याचा नको. तिथं फी वाचवायला जाऊ नकोस.

करार ११ महिन्यांचा, हेस्कॉमचा (वीज कंपनीचा) मीटर वेगळा. कॉलेजची पोरं सुट्टीत खोली सोडतात, म्हणून हिशोब दहा महिन्यांच्याच भाड्याचा धर. भरलेली घरपट्टी वजा करून उरलेल्या भाड्यावर आयकरात ३० टक्के वजावट मिळते, दुरुस्तीची बिलं नसली तरी. आणि गच्ची? ती मात्र भर पावसात जाऊन बघ.