आयबीएससाठी गुळवेल, कोरफड, हळद की इसबगोल?

भाऊ, तुम्ही लिहिलंय की लातूरला अभ्यासासाठी राहता, मेसचं जेवता, दोन वर्षांपासून सकाळी तीन-चार वेळा संडासला जावं लागतं, आधी पोटात मुरडा येतो आणि जाऊन आलं की बरं वाटतं. डॉक्टरांनी आयबीएस (इरिटेबल बॉवेल सिंड्रोम) सांगितलंय, थायरॉईडची गोळी चालू आहे. गावाकडून गुळवेलीचा काढा, कोरफडीचा रस आणि हळदीच्या कॅप्सूल आल्यात, त्यातलं काय घ्यावं हे विचारलंय. मी अंबाजोगाईची. अकरा वर्षं हे दुखणं घेऊन आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

आपल्याकडे पोटाच्या कुठल्याही तक्रारीला 'आतड्याला सूज' म्हणतात. आयबीएसमध्ये दुर्बिणीतून पाहिलं तर आतडं चांगलं दिसतं, बिघडलेली असते त्याची हालचाल आणि संवेदना. खरी सूज, व्रण, रक्त असतं ते अल्सरेटिव्ह कोलायटिस किंवा क्रोन्स या आतड्याच्या आजारांत. माझ्या मावसभावाला रक्त पडायचं. मूळव्याध समजून त्यानं वर्षभर चूर्णं खाल्ली. अंगातलं रक्त पार उतरल्यावर तपासणी झाली, तेव्हा कोलायटिस निघाला. ते वर्ष आठवलं की आजही जीव तुटतो. म्हणून रक्त, ताप, घटतं वजन, कमी हिमोग्लोबिन किंवा रात्री झोपेतून उठून जावं लागणं, यातलं एक जरी असेल तर झाडपाला बाजूला ठेवून पोटाच्या डॉक्टरांकडे जा. आतड्याचा टीबीही आपल्या भागात विसरून चालत नाही. शौचाची कॅलप्रोटेक्टिन तपासणी झाली नसेल तर विचारा. आतड्यात सूज असेल तर शौचातलं हे प्रथिन वाढलेलं येतं.

हे सगळं ठीक असेल तर सुरुवात इसबगोलपासून करा. जुलाब असो की बद्धकोष्ठ, दोन्हीत ते चालतं, कारण पाणी धरून त्याचा चिकट गर होतो. गव्हाच्या कोंड्यानं मात्र गॅस वाढतो. मी पहिल्याच दिवशी तीन चमचे घेतले, पोट टम्म फुगलं, आणि इसबगोल आपल्याला सोसत नाही म्हणून दोन वर्षं त्याला हात लावला नाही. खरं म्हणजे एक छोटा चमचा, मोठा पेलाभर पाण्यात, आणि आठवड्या-आठवड्यानं थोडं वाढवत न्यायचं.

दुसरं पेपरमिंट तेल. पुदिन्याची चटणी वेगळी, हे वेगळं. पोटात न फुटता आतड्यात विरघळणाऱ्या कॅप्सूल मिळतात, साधारण 0.2 मिलीच्या, जेवणाआधी अर्धा तास. त्यातलं मेंथॉल आतड्याच्या स्नायूंत कॅल्शियम शिरू देत नाही, त्यामुळे पीळ सैल होतो. चावायची नाही, नाहीतर छातीत जळजळ होते. अमेरिकन कॉलेज ऑफ गॅस्ट्रोएंटेरॉलॉजीच्या 2021 च्या मार्गदर्शक सूचनांत इसबगोलसारखा विरघळणारा तंतू आणि पेपरमिंट, दोन्ही आहेत.

गुबारा धरला की मी पहिल्या घासाला हिंगाष्टक घेते. जुलाबाच्या दिवसांत कच्च्या बेलफळाचा गर किंवा कुड्याची साल आपल्या वैद्यांनी पिढ्यान्‌पिढ्या दिली आहे, पण ज्यांना कुंथावं लागतं त्यांनी ती घेऊ नये. बिनलेबलची पुडी कोणी दिली तर कृपा करून घेऊ नका. अशा पुड्यांत स्टेरॉइड आणि जड धातू सापडलेले आहेत.

आता तुमच्या तीन वस्तू. कोरफडीच्या सालीखालचा पिवळा चीक रेचक असतो; ज्याला आधीच चार वेळा जावं लागतं त्यानं घरी काढलेला रस अजिबात पिऊ नये. गुळवेलीमुळे यकृताला इजा झालेले रुग्ण कोरोनाच्या काळात मुंबईच्या डॉक्टरांनी नोंदवले. आयुष मंत्रालयानं आक्षेप घेतला, तरी नुसत्या पोटासाठी रोजचा काढा मी घेणार नाही. हळदीचा फायदा दिसला तो कोलायटिसमध्ये, मेसालामाइन हे त्याचं नेहमीचं औषध चालू ठेवून वर कर्क्युमिन, म्हणजे हळदीतला मुख्य घटक, दिल्यावर. भाजीतली हळद खुशाल खा, पण मिरीचा अर्क घातलेल्या कॅप्सूलनीही काहींच्या यकृताला त्रास झालाय.

मेसबद्दल एक सांगते. कांदा, लसूण आणि गव्हातले फ्रुक्टन, म्हणजे न पचणारी एक प्रकारची कर्बोदकं, आतड्यात आंबतात आणि गॅस करतात. पोळीऐवजी ज्वारीची भाकरी मिळते का बघा. लसूण तेलात परतून पाकळ्या काढून टाकल्या तर वास राहतो आणि त्रास वाचतो, कारण फ्रुक्टन तेलात उतरत नाही. पण गहू बंद करण्याआधी सिलिॲकची, म्हणजे गव्हातल्या ग्लूटेनमुळे आतड्याला इजा होण्याच्या आजाराची, रक्ततपासणी करून घ्या. गहू सोडल्यावर ती फसवी येऊ शकते.

एका वेळी एकच गोष्ट सुरू करा आणि चार आठवडे वहीत लिहून ठेवा, म्हणजे गुण कशानं आला ते कळेल. आणि एक, इसबगोल औषधाच्या गोळीसोबतच घेतलं तर गोळी नीट शोषली न जाण्याची शक्यता असते. तुमची थायरॉईडची गोळी सकाळी असेल, तर इसबगोल रात्रीच घ्या.