जूनमध्ये शाळा बदलावी का? नोकरीच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या शिक्षिकांसाठी

अगं, आधी एक कर, राजीनामा लिहायची घाई करू नकोस, एप्रिलमध्ये पेपर तपासताना आणि निकालपत्रकं भरताना सगळ्यांनाच नोकरी सोडावीशी वाटते, मलाही वाटायचं. सुट्टी लागायच्या आधी शांतपणे विचार कर की त्रास वर्गातला आहे की स्टाफरूममधला. वर्गातला असेल तर तो नव्या शाळेतही येणार, थोडा वेळ दे. पण पगार तीन-तीन महिने अडकत असेल, सही एका आकड्यावर आणि हातात वेगळाच आकडा मिळत असेल तर बाहेर पड, माझी अशी चार वर्षं गेलीत.

पवित्र पोर्टलवरून, म्हणजे राज्य सरकारच्या शिक्षक भरतीतून, शिक्षण सेवक म्हणून लागलीस तर तीन वर्षं मानधनच आहे, २०२३ पासून प्राथमिकला १६,००० आणि माध्यमिकला १८,००० रुपये, पण त्यानंतर वेतनश्रेणी मिळते, म्हणून गाव लांब असलं तरी मी तिकडेच जा म्हणेन. टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) झाली नसेल तर आत्ताच अभ्यासाला लाग.

आणि सोडायचं ठरलंच तर कायम शिक्षकाला तीन महिन्यांची नोटीस लागते, तात्पुरत्याला एक महिन्याची, आणि ती सुट्टीत देता येत नाही बरं का, म्हणून तारखा आधीच मोज. राजीनाम्याच्या दोन प्रती काढ, दोन्हीवर सही नि तारीख, एक रजिस्ट्रेशन करून स्पीड पोस्टाने पाठव (वेगळं रजिस्टर पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टात विलीन झालं), एक स्वतःकडे. अनुभवाचा दाखला मात्र मुख्याध्यापकांकडून आधीच मागून ठेव, नंतर फार चकरा मारायला लावतात.