डॅशबोर्डवरचं अपडेट टिकत नाही

प्रश्न : द्राक्ष निर्यातदाराची वर्डप्रेस साइट सांभाळतो. प्लगइन (साइटला जादा सोयी देणारे जोड-प्रोग्राम) कंपोझरने, म्हणजे कोडची पॅकेजेस ठरलेल्या आवृत्तीत बसवणाऱ्या साधनाने, बसवलेत. क्लायंट डॅशबोर्डवरून अपडेट करतो, पण आमच्या पुढच्या डिप्लॉयला (कोड सर्व्हरवर चढवताना) जुनी आवृत्ती परत येते. काय करावं?
– एक वाचक, सातपूर, नाशिक

उत्तर : कंपोझर त्याचं काम चोख करतोय. नव्या फोल्डरात ‘कंपोझर इन्स्टॉल’ चाललं की लॉक फाइलमध्ये नोंदलेली आवृत्तीच बसते. डॅशबोर्डवरचा बदल तिथे पोचतच नाही. खरा धोका पुढे आहे. वूकॉमर्ससारखे (ऑनलाइन दुकानाचे) प्लगइन अपडेटबरोबर डेटाबेसची रचनाही बदलू शकतात. कोड मागे गेला तरी डेटाबेस मागे जात नाही, आणि साइट अर्धवट मोडते.

डब्ल्यूपी-कॉन्फिग या वर्डप्रेसच्या सेटिंग फाइलमध्ये ‘डिसअलाऊ फाइल मॉड्स’ (DISALLOW_FILE_MODS) ट्रू करा, डॅशबोर्डवरची अपडेटची सोयच बंद होईल. (क्लायंट कुरकुरेल, कुरकुरू द्या.) मग बॅकअप घेऊन आपल्या मशीनवर त्या एकाच प्लगइनचं नाव देऊन ‘कंपोझर अपडेट’ चालवा, तपासा, लॉक फाइल गिटमध्ये (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन) कमिट करा. नाव न देता चालवलंत तर सगळे प्लगइन एकदम हलतात आणि नेमकं कशाने बिघडलं ते सापडत नाही. थीमलाही हेच लागू.

या सेटिंगने आपोआप होणारी सुरक्षा अपडेट्सही थांबतात. ती आता तुमच्या अंगावर; आठवड्यातून एकदा तरी ‘कंपोझर आउटडेटेड’ (कशाची नवी आवृत्ती आलीय ते दाखवणारी आज्ञा) चालवून पाहा.