16 फुटी फायबरची बोट परत रंगवायला 52 हजार म्हणजे जास्त नाहीत का?

दोन्ही कोटेशनं वाचली. म्हणजे 2019 च्या पुरानंतर मंडळानं घेतलेली सेकंडहँड फायबरची बोट, 16 फूट लांब, सहा फूट रुंद, चिकोडी तालुक्यात कृष्णाकाठी, पूर सोडला तर वर्षभर ताडपत्रीखाली पडून, आणि आता हात फिरवला की पांढरी भुकटी येतेय. गावातला गाड्या रंगवणारा 14 हजार म्हणतोय, कारवारचा बोटीवाला 52 हजार. मी बेळगावात उद्यमबागेत मशीनच्या बॉड्या आणि टाक्या रंगवायचं काम करतो, मधनंमधनं बोटी पण येतात, त्या अंदाजानं सांगतो. कारवारवाला तुम्हाला फसवत नाहीये, पण तो जे काम सांगतोय ते तुमच्या बोटीला लागतच नाही. आणि 14 हजारवालं काम पुढच्या पुरापर्यंत तरी टिकेल का शंका आहे.

कारवारच्या कोटेशनमध्ये अँटिफाउलिंगचे दोन हात धरलेत बघा. कारवारच्या बैतखोल बंदरात समुद्रात कायम उभ्या राहणाऱ्या बोटीला ते पाहिजेच, नाहीतर तळाला कवचवाले किडे चिकटून असा खरखरीत थर बसतोय की इंजिन डिझेल खायला लागतंय. त्या रंगात तांब्याचा ऑक्साइड असतोय, तो हळूहळू पाण्यात सुटत राहतो म्हणून किडे धरत नाहीत. तुमची बोट गोड्या पाण्यात, ती पण पुराचे थोडे दिवस. असले बरेच रंग कोरड्यावर पडून राहिले की त्यांचा जोरच जातोय, आणि ज्या नदीचं पाणी गाव पितंय त्यात तांबं सोडायचं कशाला? ती लाइन काढायला सांगा, कोटेशन बरंच खाली येईल.

आता 14 हजारवाला. त्यानं लिहिलंय ऑइल पेंट आणि पुट्टी. गाडीची पॉलिएस्टर पुट्टी पाण्याखालच्या भागाला चालत नाही, ती पाणी ओढून घेते आणि फुगते, तिथं एपॉक्सी फिलरच पाहिजे. ऑइल पेंट घराच्या गेटला ठीक आहे हो, पण फायबरवर नुसता घासून लावला तर वर्षभरात पापुद्रे निघतात, आणि पुढच्या वेळी तो सगळा खरवडून काढायची मजुरी परत तुमच्याच डोक्यावर.

पण त्याआधी एक बघा, रंगाची गरज आहे का? भुकटी येतेय ती बहुतेक जेलकोटची, म्हणजे फायबरवरचा मूळचा अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासचा थर, उन्हानं वरून मेलेला. एका कोपऱ्यात फूटभर जागा धरा, 1000 नंबरचा वॉटर पेपर पाणी मारत फिरवा, मग 2000, मग रबिंग कंपाउंड. चमक आली आणि खाली फायबरचे धागे दिसत नसतील तर सगळी बोट तशीच घासून वॅक्स मारा, रंगाचा खर्चच वाचला. धागे दिसले किंवा बारीक जाळीसारख्या भेगा दिसल्या तर मग रंगाशिवाय इलाज नाही.

सेकंडहँड आहे म्हणजे आधीच्या मालकानं कधीतरी रंग मारलेला असू शकतोय. ते कळायला फडकं थिनरमध्ये भिजवून बोटीवर पाच-दहा मिनिटं चिकटवून ठेवा. रंग सुरकुतला किंवा फडक्यावर उतरला तर तो साधा एका डब्यातला रंग, त्याच्यावर हार्डनरवाला, म्हणजे घट्ट करणारं दुसऱ्या डब्यातलं औषध मिसळून लावायचा रंग मारला की खालचा उचलून येतोय, सगळा काढावा लागणार. काहीच झालं नाही तर घासून त्यावरच पुढं जाता येतं.

आणि इंजिन बसतंय ती मागची फळी नाण्यानं ठोकून बघा. आत प्लायवूड असतंय, वर फायबर. टणटण आवाज आला तर बरं, भद्द आवाज आला तर आत पाणी शिरून लाकूड कुजलंय, आणि मग रंगाचं बोलणंच नको, आधी ते काम. पुरात माणसं बसवून नेणारी बोट आहे ही, इंजिनासकट फळी सुटून आली तर चकचकीत रंग काय कामाचा.

रंगवायचं ठरलं तर पहिलं काम वॅक्स काढणं, पेपर मारणं नव्हे. आधी पेपर मारला तर जुनं पॉलिश आणि वॅक्स त्या ओरखड्यांत दाबलं जातंय आणि रंग माशाच्या डोळ्यासारखा गोल गोल फाकतोय. वॅक्स रिमूव्हरनं पुसायचं, फडकं सारखं बदलत. मग 120 चा पेपर, एपॉक्सी प्रायमरचे दोन हात, ते 320 नं हलकं घासून वर टू-के पीयूचे, म्हणजे हार्डनर मिसळायच्या पॉलियुरेथेन रंगाचे, दोन हात. नुसत्या एपॉक्सीवर सोडू नका, ऊन लागलं की तो पण भुकटी होतोय.

मटेरियलचा हिशोब सोपा आहे, पेंटरला विचारायची गरज नाही. तुमच्या बोटीचा तळ साडेसात चौरस मीटर धरा, बाजू आठ, म्हणजे बाहेरून साधारण सोळा. डब्यावर किंवा डेटा शीटवर व्हॉल्यूम सॉलिड लिहिलेलं असतंय, म्हणजे रंग वाळल्यावर त्यातला किती भाग उरतो ते. 50 टक्के असेल आणि 50 मायक्रॉनचा थर पाहिजे असेल तर लिटरला 10 चौरस मीटर निघतात, वाया जाणारं धरून साडेसात. दोन हातांना चार-साडेचार लिटर प्रायमर, पीयू पण जवळपास तेवढाच. जो दोन लिटरमध्ये सगळी बोट करतो म्हणतोय तो एकतर एकच हात मारणार नाहीतर थिनर ओतणार. चांगलं मटेरियल, पेपर, फिलर, टेप धरून माझ्या हिशोबानं दहा हजाराच्या आसपास, वर दोन माणसांची पाच-सहा दिवसांची मजुरी. सगळं मिळून 22 ते 28 हजारात काम व्हायला पाहिजे, फळी चांगली असेल तर. मजुरीतली निम्म्याहून जास्त घासण्यात जाते, आणि कुणी स्वस्तात करतो म्हणाला की काट मारतो ती तिथंच, कारण वरून रंग बसला की खालचं कुणाला दिसत नाही. मटेरियलचं बिल दुकानाचं आणि वेगळं मागा, 18 टक्के जीएसटी लागला तरी चालेल, निदान कुठला डबा आला ते कळेल.

वेळ म्हणाल तर दिवाळीनंतर फेब्रुवारीपर्यंत. पावसाळ्यात अजिबात नको, आणि मे महिन्यात उन्हानं कालवलेला रंग भांड्यातच घट्ट व्हायला लागतोय, शिवाय वळवाचा भरोसा नाही. पण तुमच्याकडं थंडीत वेगळाच त्रास, साखर कारखाने चालू असतात, चिमणीची काजळी ओल्या रंगावर येऊन बसली की परत घासा. बंदिस्त शेड किंवा गोडाऊन मिळतंय का बघा. सकाळी दव असतंय, दहाच्या आत हात लावू नका आणि चारला थांबा. थंड रात्रीत एपॉक्सीवर तेलकट थर येतो कधीकधी, तो दुसऱ्या दिवशी पाण्यानं धुवायचा, मग घासायचं.

पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतंय, गननं मारला तर त्याची वाफ छातीत बसते, साधा धुळीचा मास्क त्याला काही कामाचा नाही. हवा पुरवणारा मास्क नसेल तर फोमच्या रोलरनं लावा आणि मागोमाग दुसऱ्यानं मऊ ब्रशची टोकं हलकी फिरवायची, फिनिश छान येतंय आणि बंद शेडमध्ये सुद्धा दार-खिडक्या उघड्या ठेवून करता येतं. मंडळाची पोरं मदतीला असतील तर हे खास लक्षात ठेवा.

रंग केशरी द्या. पुराच्या गढूळ पाण्यात लांबून दिसतोय, आणि मंडळाला नाहीतरी भगवाच पाहिजे असणार, वाद मिटला. फ्लोरोसंट घेऊ नका, उन्हात लवकर उडतो. गडद निळा-काळा पण नको, उन्हात फायबर तापतंय.

सगळे पैसे देण्याआधी आठवडाभर थांबा, मग बाजूला कुठंतरी लपलेल्या जागी ब्लेडनं बारीक चौकटी काढून चांगली टेप दाबून चिकटवा आणि झटकन ओढा. चौकटी टेपला आल्या तर घासकाम झालेलं नाही, पेंटरला तिथंच दाखवायचं. नंतर ताडपत्री अंगालगत गुंडाळू नका, आत दमट राहतंय आणि नवीन रंगाला फोड येतात. बांबू आडवे टाकून वर छप्परासारखी घाला, खालून हवा खेळू दे.

मागच्या फळीचा आणि तळाचा उजेडातला फोटो टाका, मग फळी उघडायला लागणार की नाही ते नक्की सांगतो.