आर्थिक विषमता वाढली की दहशतवाद वाढतो का?

नाही, इतका सरळ संबंध अभ्यासांतून दिसत नाही. अर्थतज्ज्ञ ॲलन क्रूगर आणि मध्यपूर्वेच्या अभ्यासक यित्का मालेच्कोव्हा यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हिजबुल्ला या लेबनॉनमधल्या सशस्त्र संघटनेच्या मारल्या गेलेल्या सदस्यांची तुलना त्याच वयोगटातल्या सर्वसाधारण लेबनीज लोकांशी केली. हे सदस्य अधिक गरीब नव्हते, शिक्षण तर थोडं जास्तच होतं. ९/११ च्या हल्लेखोरांचा म्होरक्या मोहम्मद अता वकिलाचा मुलगा. कैरोत वास्तुकला आणि हॅम्बुर्गमध्ये नगररचना शिकलेला. म्हणूनच ‘गरीब वस्ती म्हणजे दहशतवाद्यांचा अड्डा’ हे समीकरण मला चुकीचंच नव्हे, तर तिथल्या लोकांवर अन्याय करणारं वाटतं.

मात्र विषमता धर्म, वंश किंवा भाषेच्या रेषेवर उभी असेल तर चित्र बदलतं. एखाद्या समाजाला नोकऱ्या, घरं आणि सत्तेतून ठरवून बाहेर ठेवलं, की ‘आपल्यावर अन्याय होतोय’ ही सामूहिक भावना तयार होते आणि सशस्त्र संघटना तिच्यावरच पोसतात. उत्तर आयर्लंडमध्ये कॅथलिकांनी १९६०च्या दशकात घरवाटप, नोकऱ्या आणि मताधिकारातल्या भेदभावाविरुद्ध नागरी हक्कांची चळवळ केली. ती दडपली गेल्यावर हिंसक गटांना बळ मिळालं. अर्थात तिथेही बहुसंख्य कॅथलिकांनी शस्त्र हाती घेतलं नाही.