मी त्या रस्त्याला गेलोच नव्हतो, तरी गाडीवर ई-चलन आलंय. पाचशेच रुपये आहेत, भरून टाकू का?

थांबा, एवढ्यात भरू नका.

तुम्ही लिहिलंय की त्या दिवशी गाडी दिवसभर पार्किंगमध्येच होती. चलन हेल्मेट नसल्याचं, 500 रुपयांचं, ठिकाण शहराच्या पार दुसऱ्या टोकाचं, आणि घरचे म्हणतात, पाचशेसाठी कुठे हेलपाटे घालायचे. आमच्याकडेही अगदी हेच झालं होतं. माझ्या बाबांनी पैसे भरून टाकले आणि नंतर दीड महिना आम्ही ते निस्तरत बसलो. म्हणून इतक्या ठामपणे सांगतेय.

पण त्याही आधी मेसेज खरा आहे ना, ते बघा. व्हॉट्सॲपवर 'आरटीओ चलन' अशा नावाची एपीके फाइल फिरते. ती उघडून इन्स्टॉल केली की मोबाइलमधले ओटीपी परस्पर वाचले जातात आणि खातं रिकामं होतं. खरं चलन अशा फाइलमधून येत नाही. मेसेजमधल्या लिंकला हात न लावता स्वतः ब्राउझर उघडा, महाट्रॅफिकचं ई-चलनाचं सरकारी संकेतस्थळ काढा, पत्त्याच्या शेवटी 'डॉट जीओव्ही डॉट इन' आहे ना बघा. तिथे गाडीचा नंबर आणि चासी किंवा इंजिन नंबरचे शेवटचे चार आकडे टाका. चलन खरं असेल तर दिसेलच. घरात कोणी चुकून ती फाइल उघडली असेल, तर आधी 1930 ला फोन आणि बँकेला फोन, मग बाकी सगळं.

चलन खरं निघालं तर त्यातला फोटो उघडा. माझं सगळं सांगणं या फोटोभोवतीच आहे.

बाबा एसटीत ड्रायव्हर होते. 31 वर्षं नोकरी झाली, विनाअपघात सेवेचा बिल्ला अजून कपाटात जपून ठेवलाय. आता त्यांच्याकडे एक मोटरसायकल आहे आणि कोपऱ्यावरच्या किराणा दुकानापर्यंतसुद्धा ते हेल्मेटशिवाय जात नाहीत. त्यांच्या मोबाइलवर चलनाचा मेसेज आला तेव्हा त्यांनी मला सांगितलंही नाही. शेजारच्या मुलाकडून ऑनलाइन भरून घेतलं आणि गप्प बसले. पाचशे रुपयांचं त्यांना काही वाटलं नव्हतं, पण दोन दिवस जेवणावर लक्ष नव्हतं, असं आईने मला नंतर सांगितलं. 'मी घातलं होतं गं, मला नक्की आठवतंय,' एवढंच तिला म्हणत राहिले. सरकारी मेसेज आलाय म्हणजे आपलंच काहीतरी चुकलं असणार, असं धरून चालले होते. फोटो कुणी पाहिलाच नव्हता.

सव्वा महिन्याने दुसरं चलन आलं. ट्रिपल सीट, एक हजार रुपये. त्या दिवशी आईबाबा माझ्याकडे राहायला आलेले आणि गाडी तिकडे घरी, कुलूप लावून. तेव्हा कुठे मी दोन्ही चलनांचे फोटो उघडले. मोबाइलवर काही कळेना म्हणून लॅपटॉपवर घेतले आणि मोठे केले.

गाडी त्याच कंपनीची, तशीच काळी. पण डाव्या बाजूला साडी गार्ड नव्हतं. ते काढून तिथे दुधाच्या किटल्या अडकवायचा लोखंडी हूक वेल्ड केलेला. बाबांच्या गाडीचं साडी गार्ड जागच्या जागी आहे, आई त्याच बाजूला पाय ठेवून बसते. मग नंबर प्लेट बघितली. शेवटचा आकडा 3 वाटत होता. आणखी मोठा केला तर त्या आकड्याच्या डाव्या अंगावर डांबराचा वाळलेला ओघळ दिसला. मुळात तो 8 होता. दुसऱ्या फोटोतही तोच ओघळ, त्याच जागी.

बाबांना स्क्रीन दाखवली. चष्मा वर करून ते बराच वेळ त्या हुकाकडे बघत राहिले. मग म्हणाले, 'ही आपली नाहीच.' आणि उठून स्वयंपाकघरात गेले, आईला सांगायला, 'अगं, मी हेल्मेट घातलं होतं.'

तेव्हा तुम्ही आधी हेच करा. फोटो मोठ्या स्क्रीनवर उघडा, शेजारी स्वतःच्या गाडीचा फोटो ठेवा आणि एकेक गोष्ट जुळवा. नंबरातला 3 आणि 8, 1 आणि 7, इंग्रजी बी आणि आठ, डी आणि शून्य. एमएच 12 आणि एमएच 14 सुद्धा घाईत सहज इकडचं तिकडे होतं. आरसे, सीटचं कव्हर, मडगार्डवरचे स्टिकर, मागच्या लाइटचा आकार, ओरखडे. हे बारकावे तुमच्याइतके दुसऱ्या कुणालाच माहीत नसतात. रस्त्यावर फोटो काढून मशीनमध्ये नंबर टाकणाऱ्याला दिवसभरात शेकडो गाड्या दिसतात, कॅमेऱ्याला तर नुसती प्लेट कळते. आपल्याकडे 4141 चं 'दादा' आणि 214 चं 'राम' करून घ्यायची हौस आहे. मला तिचा मनापासून राग येतो. असा वेडावाकडा नंबर चुकीचा वाचला गेला की भुर्दंड तिसऱ्याच माणसाच्या दारात जातो. नव्या एचएसआरपी, म्हणजे हाय सिक्युरिटी, प्लेटवर आकड्यांचा ठसा ठरलेला असतो आणि ती एकदा बसवली की काढून पुन्हा लावता येत नाही. ती बसवायची राहिली असेल तर या निमित्ताने बसवून घ्या.

फोटोतून तुमचं प्रकरण कुठलं ते कळेल. आमच्यासारखा आकडा चुकला असेल तर गोष्ट सोपी. पण प्लेटवर नंबर तंतोतंत तुमचाच आणि गाडी मात्र दुसरीच, असं दिसलं तर कुणीतरी तुमचा नंबर लावून फिरतंय. तेव्हा चलनाच्या तक्रारीवर थांबू नका, त्याच दिवशी पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या. उद्या त्या गाडीने कुणाला उडवलं तर लोक तुमच्या दारात येतील आणि तेव्हा हाच कागद उपयोगी पडेल. तिसरी शक्यताही मनात ठेवा, गाडी तुमचीच आणि चालवणारा भाचा किंवा रूममेट. त्याला शांतपणे विचारा. कोण चालवत होतं हे विचारलं तर सांगणं मालकाला कायद्याने भाग आहे. चालवणारा अठराच्या आतला असेल तर प्रकरण फार वेगळं होतं. कलम 199ए खाली पालक किंवा मालकाला 25,000 रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे.

आता तक्रार. महाट्रॅफिक ॲपवर चलनाविषयी तक्रार नोंदवायची सोय आहे. चलन क्रमांक निवडा, गाडीचे चारही बाजूंनी काढलेले फोटो आणि आरसी जोडा. मजकूर लांबवू नका. मी एवढंच लिहिलं होतं: 'फोटोतील वाहनाचा शेवटचा अंक 8 आहे, आमच्या वाहनाचा 3 आहे. फोटोतील वाहनास साडी गार्ड नाही, आमच्या वाहनास आहे. सोबत फोटो.' आपण किती सज्जन आहोत, गाडी कधी घेतली, यातलं काही लागत नाही. बाबांच्या नोकरीबद्दल मला फार लिहायचं होतं, ते शेवटी खोडलं.

त्या दिवशी गाडी घरीच होती याचा पुरावा आजच गोळा करा. सोसायटीच्या सीसीटीव्हीचं चित्रण थोड्याच दिवसांत पुसलं जातं, म्हणून सेक्रेटरीला लगेच गाठा. गेटवरच्या वहीतली नोंद, ऑफिसची हजेरी, गाडी गॅरेजला असेल तर त्याची पावती, जे मिळेल ते.

ऑनलाइन तक्रार करून आठ-दहा दिवसांत काही हललं नाही, तर सरळ वाहतूक शाखेत जा. अर्जाच्या दोन प्रती न्या, एकीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय परत फिरू नका. आम्हाला तीन चकरा पडल्या. तिसऱ्या वेळी तिथल्या हवालदार मॅडमनी फोटो बघितला आणि विचारलं, 'काका, गाडी आणलीय का?' बाबांनी आणली होतीच. त्या बाहेर आल्या, वाकून साडी गार्डला हात लावून बघितला, प्लेट बघितली आणि आत जाऊन अर्जावर शेरा लिहिला. ट्रिपल सीटचं चलन बाराव्या दिवशी रद्द झालं.

पहिलं मात्र झालं नाही. दोन्ही फोटोंत गाडी एकच, आकडा एकच, ओघळ एकच, तरीही नाही. कारण ते भरलेलं होतं. कायद्याच्या भाषेत आपण भरतो ते तडजोड शुल्क असतं. गुन्हा झाला असं धरून, कोर्टात न जाता, तो तिथेच मिटवायचा. एकदा मिटवलेलं प्रकरण उघडायला कोणी तयार नव्हतं. वर आम्हालाच प्रश्न आला, 'पहिलं तुमचं नव्हतं, तर भरलं कशाला?' बाबांकडे त्याला उत्तर नव्हतं. म्हणून तुम्हाला सांगतेय, पाचशे किती लहान रक्कम आहे हे बघू नका. साध्या नियमभंगाचा, म्हणजे नो पार्किंगसारखा, दंड आपल्या राज्यात डिसेंबर 2021 पासून पहिल्यांदा 500 आणि पुढच्या वेळी 1,500 आहे. दुसऱ्याची चूक मुकाट्याने भरली की तुमच्या गाडीच्या नावावर ती तुमची म्हणून राहते, आणि पुढचं चलन आलं तर तुम्ही दुसऱ्यांदा चुकलात असं धरलं जाऊ शकतं.

कॅमेऱ्याने आलेलं चलन असेल तर आणखी एक आधार आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांत ऑगस्ट 2021 मध्ये 167ए हा नियम आला. त्यानुसार कॅमेऱ्याने टिपलेल्या गुन्ह्याची नोटीस घटनेपासून 15 दिवसांत पाठवायची असते, सोबत फोटो, तारीख, वेळ, ठिकाण आणि कुठलं कलम ते द्यायचं असतं, आणि प्रकरण निकाली निघेपर्यंत ती नोंद जपून ठेवायची असते. चलनावर फोटोच नसेल तर तक्रारीत पहिलं वाक्य तेच लिहा. रस्त्यावर उभ्या पोलिसाने काढलेला फोटो असेल तर हेही माहीत असू द्या, की स्वतःच्या खासगी मोबाइलवर फोटो काढून चलन करू नये अशा सूचना राज्याच्या वाहतूक पोलिसांना जुलै 2025 मध्ये दिल्या गेल्या आहेत.

तुम्हाला कुणीतरी लोकअदालतीचा सल्लाही देईल. तिथे जुन्या थकलेल्या चलनांवर रक्कम कमी करून मिळू शकते, पण किती ते आधीच ठरलेलं नसतं. 'लोकअदालतीत सगळं निम्म्यात' असे मेसेज फिरतात, त्यावर विसंबून दंड साठवत बसू नका. आणि मुख्य म्हणजे लोकअदालत ही तडजोडीची जागा आहे. तिथला निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नाही. ज्याची चूक झालीय पण एकदम रक्कम झेपत नाही, त्याने तिथे जरूर जावं. गाडीच तुमची नसेल तर तडजोड कशाची करणार? तक्रार फेटाळली गेली तर कोर्टात म्हणणं मांडायचा रस्ता तुम्हाला मोकळा आहे. कोर्टाची नोटीस आली तर तारखेला हजर राहा, तेवढं मात्र चुकवू नका. 'सहा महिने झाले की चलन आपोआप रद्द होतं' हा मेसेजही खूप फिरतो. मुदतीचा मुद्दा कोर्टात मांडायचा असतो, संकेतस्थळावरून चलन आपणहून गायब होत नाही.

खाली एकाने विचारलंय की विकलेल्या गाडीची चलनं त्यांना येतायत. आरसीवर नाव ज्याचं, चलन त्याला. गाडी विकल्यावर 14 दिवसांत आरटीओला कळवायची जबाबदारी विकणाऱ्याची आहे, फॉर्म 29 त्यासाठीच असतो. नुसत्या स्टॅम्पपेपरवर सही घेऊन गाडी देऊ नका. अपघाताच्या भरपाईतही नोंदीवरचा मालकच जबाबदार, असं सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये सांगितलेलं आहे.

आणि फोटो उघडल्यावर गाडी तुमचीच आणि डोकंही तुमचंच उघडं दिसलं, तर त्याच बैठकीत भरून टाका. हेल्मेटसाठी केंद्राच्या कायद्यात 1,000 रुपये आणि तीन महिने लायसन्स निलंबन आहे, आपल्या राज्याने तडजोडीची रक्कम 500 ठेवली आहे. त्यावर वाद घालू नका. बाबांनी 31 वर्षं स्टीअरिंगवरून रस्ता बघितलाय. हेल्मेट नसलेल्या दोघांना त्यांनी स्वतः उचलून दवाखान्यात नेलंय. त्याबद्दल ते घरात कधी बोलत नाहीत.

फोटो बघितल्यावर शेवटचे दोन आकडे कसे दिसतात आणि गाडीत काय फरक आहे, ते इथे लिहा. पूर्ण नंबर किंवा चलन क्रमांक मात्र टाकू नका. तक्रारीचा मजकूर हवा असेल तर आज रात्री बसून लिहून देते.