बैलाला आवतन

सोन्या,

काल, पोळ्याच्या आदल्या दिवशी, तू गावाहून फोनवर विचारलंस, "आजी बैलाला म्हणाली, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. बाबा, त्याला कळतं का?" तुझ्याकडे रात्र झाली होती, डोळे मिटत होते, म्हणून तेव्हा नीट सांगितलं नाही. सकाळी काका तुला हे वाचून दाखवेल.

त्याआधी आजीने हळद-तूप लावून पळसाच्या पानाने बैलाचा खांदा शेकला ना? जू तिथेच बसतं. चिखलणीच्या दिवसांत त्या जागेला घट्टे पडतात. शेकताना ते हाताला लागतात, आणि यंदा बैलाने किती ओढलं ते हातालाच समजतं. आवतन त्याच्यानंतर, मुद्दाम. आपल्याकडे ज्याला आवतन दिलं तो पाहुणा झाला. पाहुण्याला कुणी जुंपत नाही, त्याच्यावर तुतारी, म्हणजे बैल हाकायची काठी, उगारत नाही. बैलाला शब्द कळोत न कळोत, आजी मोठ्याने म्हणाली की ते सगळ्या घराने ऐकलं. आता आज त्याच्या खांद्यावर जू ठेवायची कुणाची छाती नाही. माझे बाबा तर पोळ्याला बैल जेवल्याशिवाय पानावर बसत नसत.

तू कॅनडातल्या लुनेनबर्गमध्ये, समुद्रकाठच्या गावात वाढलास, म्हणून तुझ्या ओळखीचं सांगतो. मे संपला की तिथले लॉब्स्टर पकडायचे पिंजरे पाण्याबाहेर येतात आणि नोव्हेंबरच्या शेवटच्या सोमवारपर्यंत बाहेरच राहतात. उन्हाळ्यात लॉब्स्टर कात टाकतात, तेव्हा त्यांना हात लावायचा नाही. मग त्या सोमवारी पहाटे, अंधारात, कडाक्याच्या थंडीत लोक बोटींना निरोप द्यायला धक्क्यावर उभे राहतात. बंदरावरच्या काळ्या दगडी खांबांवरची नावं तू बोट फिरवत वाचतोस. ती समुद्रातून परत न आलेल्यांची आहेत. 1926 आणि 1927 च्या ऑगस्टमधल्या वादळांत तिथल्या बोटी माणसांसकट बुडाल्या. ज्याच्यावर पोट आहे त्याला गृहीत धरू नये, हे त्या गावाला फार महागात कळलेलं आहे. मला ते गाव परकं वाटत नाही ते त्यामुळेच.

आपल्या महाराष्ट्रात, कोकणातही तसंच. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, कारण पावसाळ्यात मासे अंडी घालतात. श्रावणातल्या पौर्णिमेला कोळी समुद्राला नारळ देतात, मग हंगाम मनापासून सुरू होतो. त्याच श्रावणाच्या अमावास्येला आपला पोळा. मधे फक्त पंधरा दिवस. लहानपणी आमच्या गावात समुद्र कुणी पाहिला नव्हता, पण नारळाची गोष्ट ऐकली तेव्हा आम्हाला ती लगेच पटली. आम्ही मनात म्हटलं, हे त्यांचं आवतन.

आज दुपारनंतर बैल तोरणाखाली उभे राहतील, झडत्या, म्हणजे पोळ्याची गाणी, होतील. तुला सगळे शब्द कळणार नाहीत. 'हर हर महादेव' आलं की तूही जोरात ओरड. बैल दारात आले की आजी त्यांचे पाय धुवेल. तांब्या तू धर. पुरणपोळी तळहातावर सपाट ठेव, बोटं आत घे. डावीकडचा म्हातारा बैल हळू खातो, त्याला घाई करू नकोस. आणि बैल राखणाऱ्या दादांना बोजारा, म्हणजे त्यांची पोळ्याची भेट, तुझ्या हाताने दे, दोन्ही हातांनी, वाकून.

काकाला म्हण, त्या वेळी फोन लाव. इथे पहाट असेल, पण मी जागा असेन.

तुझा,
बाबा